प्लगमास्तरांचा अंगठा

“ठिणगीच नको म्हणतेस? मग विस्तव काय आभाळातून पडणार?”

“उजेडातून येणार, बाबा. नुसत्या उजेडातून.”

“असं होय! मग इतकी वर्षं भर उन्हात उभ्या असलेल्या गाड्या आपोआप पळत का सुटल्या नाहीत, तेवढं सांग.”

“कारण तो उजेड सगळीकडे सांडलेला असतो. मी तो एका टोकावर गोळा करते.”

“सांडलेला म्हणे! उजेड आहे का दूध, सांडायला?”

बाहेरच्या खोलीत बापलेकीची अशी जुंपली होती आणि आत स्वयंपाकघरात मास्तरीण मटार सोलत बसली होती. कान सगळा भांडणाकडे, त्यामुळे दाणे सालींच्या ढिगात आणि साली पातेल्यात चालल्या होत्या. मध्ये पडावं असं काही तिला वाटलं नाही. दोघांचा आवाज एकच, फक्त एक जाड आणि एक बारीक. सारख्या आवाजांचं भांडण लांबतं, पण तुटेपर्यंत ताणत नाही, हे कळायला शाळा लागत नाही. आणि मास्तरीण शाळेत गेली होती ती तिसरीपर्यंत.

शेवटी भांडण येऊन थांबलं ते मिशीवर.

“तुझ्या त्या दिव्यावर इंजिन चाललं, तर ही मिशी उतरवीन!” मास्तर गरजले.

“आरसा पुसून ठेवते,” लेक म्हणाली आणि ताट घ्यायला आत आली.

आता मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी जन्मात कुणाला पाढे शिकवले नाहीत. ते होते प्लगमास्तर. इंजिनाच्या पोटात गॅस आणि हवा कोंडायची, वरून स्पार्क प्लगने ठिणगी टाकायची, भडका उडायचा आणि चाक फिरायचं. एवढ्या गोष्टीवर जगातली निम्मी चाकं फिरतात, आणि त्यातल्या ठिणगीवर मास्तरांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. मिसरूड फुटायच्या आत ते गॅरेजात शिरले, आणि पुढे इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात, चाचणीच्या शेडमध्ये लागले. तिथे भिंतीएवढी इंजिनं गॅसवर चालवून, ठोकून पाहून, मगच वीज तयार करायला बाहेर पाठवत.

एखादं इंजिन खोकायला लागलं की इंजिनियर लोक कागद पसरत. मास्तर मात्र प्लग काढून त्याचं टोक बघत. डॉक्टर जीभ बघतो ना, तसं. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं की प्रकृती उत्तम. पांढरंफटक असलं की अंगात ताप. ओलं काळं असलं की तेल गळतंय, आणि कोरडं काळं असलं की प्लग गारठलाय. एवढं सांगून ते प्लग घासत, फट मोजत आणि बसवण्याआधी एक शेवटची गोष्ट करत. त्याच्या चिनी मातीच्या पांढऱ्या अंगावरून उजवा अंगठा एकदा गोल फिरवत. त्या अंगठ्यावर पंख्याच्या पट्ट्याने केलेला जुना तिरपा व्रण होता. अंगठा न फिरवता प्लग बसवला, तर मास्तरांना जेवून हात न धुतल्यासारखं वाटायचं.

आणि त्यांच्या पोटची पोर शिकली ती नेमकी उजेडाची विद्या. शिकून आली ती बापाच्याच कारखान्यात, हातात टॉर्चएवढा लेसर घेऊन. लेसर म्हणजे तरी काय, उजेडच. पण फार शिस्तीचा. इकडेतिकडे न पसरता एका रेघेत जातो. भिंगाने तो सुईच्या टोकाएवढ्या जागेवर गोळा केला की तिथली हवाच पेटते.

“प्लगची ठिणगी पडते डोक्याशी, एका कडेला,” लेक साहेबांना म्हणाली होती. “मी विस्तव मधोमध ठेवीन. गॅस कमी आणि हवा जास्त असली तरी पेटेल. आणि झिजायला आत काही नाहीच.”

मोठे साहेब मोजकं बोलणारे. त्यांनी शेडमधलं एक जुनं इंजिन आणि एक कोपरा तिला दिला. “दोन महिने. सहा तास न थांबता चालवून दाखवा. नाही चाललं तर कोपरा रिकामा करायचा, आणि मग तुम्हाला द्यायला इथे दुसरं काम नाही.”

म्हणजे काम गेलं, की लेक गेली. अशी विद्या विकत घेणारा दुसरा कारखाना तीन दिवसांच्या प्रवासावर होता. मास्तरिणीने नकाशा काही पाहिला नव्हता, पण तीन दिवस म्हणजे किती, ते तिला बरोबर कळलं. मास्तरांनाही कळलं होतं. मिशीची पैज लावणारा माणूस मनातून पैज हरायचीच वाट बघत होता. पण ते तोंडाने कबूल करायचं म्हणजे मिशी आधीच उतरवल्यासारखं झालं असतं.

लेसर इंजिनाच्या बाहेर बसायचा आणि त्याचा उजेड आत जायचा तो कोटाच्या बटणाएवढ्या जाड काचेतून. ही काच एका पितळी बोंडीत, म्हणजे बुचासारख्या नळीत, बसवलेली असे आणि ती बोंडी प्लगसारखीच आटे फिरवून इंजिनात घट्ट करायची. काच घासून द्यायचा मास्तरांचा जुना दोस्त, काचवाला. त्याचं दुकान कारखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे; पुढे चष्मे, मागे घासायचं चाक. लेक संध्याकाळी काच जिवापाड स्वच्छ करायची, बोंडी बाकावर ठेवून वर झाकण घालायची आणि सकाळी येऊन इंजिनात फिरवायची. मग बटण दाबायची.

टक्.

काच तडकायची. इंजिन दोन ठेक्यांत गप्प.

पहिल्या काचेला ती म्हणाली, “होतं असं.” तिसरीला म्हणाली, “गॅसचा दाब बघायला हवा.” पाचवीला दाब बदलला, सहावीला भिंग बदललं, आठवीला लेसरचा जोर निम्मा केला. टक्. नवव्या काचेनंतर ती घरी येऊन ताटातलं अन्न नुसतं इकडचं तिकडे करत बसली.

“म्हटलं नव्हतं मी?” मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मास्तरिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी पाण्याबरोबर गिळलं.

तर खरी गोष्ट अशी, की मास्तर पहिल्या दिवसापासून रोज सकाळी भोंग्याच्या अर्धा तास आधी शेडमध्ये जात होते. कुणाला न सांगता. लेकीचा कोपरा झाडायचे, नट आवळायचे पाने क्रमाने लावायचे, नळ्यांच्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघायचे. भांडण भांडणाच्या जागी, पोरगी पोरीच्या जागी. आणि सगळं झालं की बाकावरचं झाकण उचलून, काचेवरून उजवा अंगठा एकदा गोल फिरवायचे. जा बाई, कर काम. मग झाकण जसंच्या तसं ठेवून, आताच आल्यासारखे भोंग्याला दारातून आत यायचे.

पोरीचा चेहरा उतरायला लागला तशी मास्तरांची काळजी वाढली. काळजी वाढली तसे ते आणखी लवकर जायला लागले. आणि काच एकदा पुसायचे ते दोनदा पुसायला लागले.

अकरावी काच तडकली त्या दिवशी काचवाला स्वतः शेडमध्ये येऊन थडकला. लेकीने त्याला निरोप पाठवला होता, काचेत काही खोट आहे का बघा म्हणून. तेवढंच त्याला पुरे झालं.

“माझ्या काचेत खोट?” हातातलं भिंग तलवारीसारखं परजत तो आला. “या गावातले निम्मे लोक माझ्या काचेतून जग बघतात! आणा ती फुटकी. सगळ्या आणा.”

त्याने अकराही काचा फडक्यावर मांडल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि वाकला. शेडमधली माणसं जमली. मास्तरही मागे येऊन उभे राहिले. काचवाल्याने पहिली काच पाहिली, दुसरी पाहिली, मग हसू दाबत मान वर केली.

“मॅडम, या काचा फुटलेल्या नाहीत. यांच्यावर कुणीतरी सही केलेली आहे.”

लेकीने भिंग घेतलं. काचेवर बारीक भाजलेल्या रेघा होत्या, एकात एक, गोल गोल. आणि त्या गोलांच्या मधून एक तिरपी रेघ गेली होती. सगळ्या काचांवर तीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. ती तिरपी रेघ तिला लिहावाचायला यायच्या आधीपासून ठाऊक होती. रस्ता ओलांडताना धरायची ती हाच अंगठा. त्या व्रणावरून बोट फिरवत शाळेपर्यंत जायची.

तिने हळूच मागे पाहिलं.

“बाबा, हात दाखवा.”

“कोणता?”

“जो मागे लपवलाय तो.”

मास्तरांनी आधी डावा दाखवला.

“बाबा!”

मग उजवा पुढे आला. काचवाल्याने त्यावर लगेच भिंग धरलं. “हाच तो सही करणारा! पुराव्यानिशी सापडला.”

“मी पुसत होतो,” मास्तर म्हणाले. “घाण करत नव्हतो. रोज पुसत होतो.”

“प्लग असता तर चाललं असतं, बाबा. पण हा उजेड इतका कडक असतो, की बोटाचा तेलकटपणासुद्धा काचेवर जळतो. जळला की तिथे ताप धरतो, आणि काच जाते.” एवढं नीट समजावून सांगितलं तिने, आणि मग तिचा धीर सुटला. ती तेलाच्या पालथ्या डब्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. “अकरा, बाबा! अकराच्या अकरा!”

“दहावीला-अकरावीला तर दोनदा पुसलं होतं गं,” मास्तर पडेल आवाजात म्हणाले. ते ऐकून शेडमध्ये जो हशा उठला, तो पलीकडच्या रंगकामाच्या खात्यापर्यंत गेला.

मास्तर हसले नाहीत. घरी येऊन खिडकीशी बसले आणि मास्तरिणीला सगळं सांगून म्हणाले, “मी बदली मागतो. कोठारात बसेन, नट मोजत. या हाताने पोरीचं नुकसान झालं.”

“हाताने नाही, अंगठ्याने,” मास्तरीण म्हणाली. “बाकीची चार बोटं निर्दोष आहेत.”

तिने त्यांचा जुना मऊ सदरा काढला, त्याच्या बाहीचा तुकडा कापला आणि टाके घालायला बसली. थोड्या वेळाने तिने मास्तरांचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याला मापाने शिवलेलं टोपरं चढवलं. तान्ह्या बाळाचं असतं तसं, खाली बांधायला नाडीसकट.

“हे काय?”

“अपराध्याला बेडी. उद्यापासून हे घालून जा. आणि चोरासारखं लवकर जाऊ नका, पोरीबरोबर जा.”

दुसऱ्या दिवसापासून बापलेक एकत्र निघाली. बारावी काच बसवली, बटण दाबलं, आणि इंजिन चाललं! ठिणगी नाही, प्लग नाही, नुसत्या उजेडावर ते अजस्र धूड धडधडायला लागलं. लेकीने टाळ्या वाजवल्या. मास्तरांचा हात नकळत मिशीकडे गेला.

चाळीस मिनिटांनी इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

काच तडकली नव्हती. ती काळी झाली होती. काळ्या काचेतून उजेड जाणार कसा? धुऊन पुन्हा लावली. पुन्हा चाळीस मिनिटं. लेकीला वाटलं, आतल्या आगीने काच तापत असणार, म्हणून तिने बोंडीभोवती फिरणारं गार पाणी वाढवलं. तेव्हा तर पंचवीस मिनिटांतच काळोख. साहेबांची मुदत चार दिवसांवर आली होती.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि पाने गोळा करायला लागली. एकेक पाना पुसून ती पेटीत टाकत होती, आणि मास्तर ते बघत होते. आठवडाभर ते कोपऱ्यात टोपरं घालून मुकाट उभे होते. ज्या अंगठ्याने अकरा काचा घालवल्या, त्याच्या मालकाने सल्ला कोणत्या तोंडाने द्यावा? पण पाने पेटीत पडल्याचा आवाज त्यांना सोसवेना.

“ती काच दाखव जरा. लांबूनच दाखव. हात नाही लावत.”

लेकीने चिमट्यात धरून दाखवली. मास्तर वाकले, चष्मा कपाळावर सारला, नाक जवळ नेऊन वास घेतला.

“ही जीभ माझ्या ओळखीची आहे,” ते म्हणाले. “कोरडी काजळी. तेलाचा वास नाही. बये, तुझं इंजिन ठणठणीत आहे. काच गारठलीय.”

“गारठलीय? बाबा, ती वितळू नये म्हणून मी पाणी फिरवतेय!”

“तेच चुकतंय. प्लगचं काय असतं, त्याला आपली काजळी आपणच जाळावी लागते. त्यासाठी त्याचं नाक तापलेलं हवं. फार तापलं तर गॅस भलत्या वेळी पेटतो, गार राहिलं तर काजळी धरते. म्हणून थंड इंजिनाला लांब नाकाचा प्लग लावतात, आत घुसून ऊब घेणारा. तुझी काच भिंतीत अंग चोरून बसलीय, वर तिला गार पाण्याने आंघोळ! काय करेल बिचारी? बोंडी दोन आटे आत घे आणि पाणी बंद कर.”

“तडकेल!”

“तडकली तर माझ्या खात्यावर. बारावी.”

लेकीने काच खाली ठेवली. मग पेन्सिल काढून तिने बाकावरच आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. आणि पेटीतला पाना बाहेर काढला.

“दोन नाही. दीड आटा.”

“दोन.”

“दीड, बाबा!”

“बरं, दीड. पण शेवटी दोनावर येशील.”

दीड आट्यावर इंजिन दोन तास चाललं आणि काच करडी झाली. दोन आट्यांवर चाललं तेव्हा लेकीने अडीच तासांनी स्वतःहून थांबवून काच काढली. कडेने बिस्किटाच्या रंगाची झाक, आणि मध्ये लख्ख आरपार. तिने ती काच बापापुढे धरली. मास्तरांनी चष्मा कपाळावर सारून ती बघितली. एवढंच म्हणाले, “प्रकृती उत्तम.”

मुदतीच्या दिवशी मास्तरीण जेवणाचे डबे घेऊन शेडमध्ये आली आणि तिथेच एका लाकडी खोक्यावर बसून राहिली. साहेब खुर्ची टाकून घड्याळ बघत होते. इंजिन एका लयीत चाललं होतं, शिवणयंत्र चालतं तसं. मास्तर मोठा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून, त्याची मूठ कानाला लावून फिरत होते. चौथ्या तासाला अचानक खडखड सुरू झाली. लेकीचा हात बटणाकडे गेला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मास्तर शांतपणे मागे गेले, एका पत्र्याच्या झाकणावर पाय दाबून उभे राहिले, आणि खडखड थांबली.

“पत्रा सैल झालाय,” ते ओरडले. “बसा, साहेब!”

उरलेले दोन तास ते तसेच एका पायावर जोर देऊन उभे होते. पत्र्याखाली फडक्याची घडी घालता आली असती, पण त्यांना ती जागा सोडवेना.

सहा तास झाले. साहेब म्हणाले, “झालं. थांबवा आता.” इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना ऐकू गेलं त्यांनी ऐकलं नाही. आणखी सव्वा तास चालवून मगच लेकीने बटण दाबलं. साहेबांनी उठून कोट झटकला. “कोपरा राहू द्या,” ते म्हणाले. “आणि शेजारचाही घ्या.”

त्या संध्याकाळी मास्तरिणीने दार उघडलं तर समोर गुळगुळीत ओठांचा एक परका गृहस्थ उभा.

“कोण पाहिजे आपल्याला?”

“ओळखलं नाहीस?”

“आवाज ओळखीचा वाटतोय. पण घरचे कामावर गेलेत, ते आल्यावर या.” आणि तिने खरंच दार लावून घेतलं. आतून तिच्या आणि लेकीच्या हसण्याचा आवाज ऐकत मास्तर पाच मिनिटं पायरीवर उभे होते. ओठांवर वारा लागत होता आणि त्यांना तो फार आवडला. मिशी पुन्हा वाढवली ती मास्तरिणीने सक्ती केली म्हणून. तिचं म्हणणं, मिशीशिवाय चहा पिताना ते उगाच तरुण दिसतात.

ठिणगी काही जगातून गेली नाही. शेडमध्ये प्लगची इंजिनं येत राहिली आणि मास्तर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या जिभा बघत राहिले. लेकीच्या कोपऱ्यातली इंजिनं एकाची तीन झाली. नवीन माणूस आला की मास्तर म्हणत, “हिला मी शिकवलं.” आणि लेक म्हणे, “अकरा काचा फोडून.”

निवृत्तीनंतर एक काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं. दर गुरुवारी काचवाल्याकडून नव्या काचा आणून शेडमध्ये पोचवायच्या. दुसरं कुणी आणलेल्या लेकीला चालत नसत. “बाकीच्यांच्या अंगठ्याचा भरवसा नाही,” ती म्हणायची. “यांचा बंदोबस्तात आहे.”

मास्तरांच्या आयुष्यातला शेवटचा गुरुवारही तसाच गेला. मास्तर जेवून निघाले, अंगठ्याला टोपरं, हे कितवं कोण जाणे, सदरे संपत आले होते. खिशात कापूस घातलेली पत्र्याची डबी. काचवाल्याच्या दुकानात चहा झाला, आणि चहाबरोबर नेहमीचा वाद झाला, अकरा काचांत खरी कला कुणाची, घासणाऱ्याची की सही करणाऱ्याची. मग मास्तर सावलीच्या बाजूने, डबी छातीशी धरून, दोन गल्ल्या हळूहळू चालत कारखान्यावर आले. एकदा वाटेत टेकले. लेकीने एकेक काच भिंगाखाली धरून पाहिली.

“सही नाही ना कुठे?” मास्तरांनी विचारलं.

“नाही, बाबा. एकदम कोऱ्या.”

“मग मिळाल्याची तू कर,” म्हणून त्यांनी वही पुढे सरकवली. तिने सही केली. त्यांनी तीन इंजिनांजवळ थोडा थोडा वेळ थांबून कान दिला, मधल्याला म्हणाले, “तुझा पत्रा बघितला पाहिजे,” आणि निघाले.

घरी येऊन त्यांनी दातांनी नाडी सोडली, टोपरं साबणाने धुतलं, पिळलं आणि दोरीवर घातलं. त्याला त्यांनी दोन चिमटे लावले, कारण एका चिमट्यावर ते मागे एकदा उडून शेजाऱ्यांच्या कुंडीत जाऊन पडलं होतं.